ठिपका वाचणाऱ्या कुंदाताई

बातमी आली तेव्हा मी दस्तुरी नाक्यावर होतो. नेरळहून घाट चढून आलेल्या गाड्या इथेच थांबतात. पुढे माथेरानात गाडीला बंदी, माणूस पायी जातो नाहीतर घोड्यावर बसतो. माझ्या व्हॅनमधून उतरलेलं कुटुंब घोडेवाल्याशी घासाघीस करत होतं आणि मी नेहमीप्रमाणे पुढची सीट उचलून, खालच्या इंजिनातली तेल मोजायची पट्टी बाहेर काढून बघत होतो. तेवढ्यात माझ्या बायकोचा, रेखाचा फोन आला. नाक्यावर रेंज येते-जाते. ‘कुंदाताई...’ एवढंच ऐकू आलं आणि फोन तुटला. पुढचं ऐकायची गरज नव्हती. रेखा धंद्याच्या वेळी उगाच फोन करत नाही, आणि तिचा आवाज कधी तसा नसतो. मी पट्टी हातात धरून किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. शेवटी घोडेवालाच म्हणाला, “किसनभाऊ, पायावर त्याल गळतंय तुमच्या.” खरंच गळत होतं.

सकाळी चहा ठेवायला उठल्या, ओट्याशी जरा खाली बसल्या आणि संपलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला याहून सुखाचं मरण कुठलं, असं आमच्या दहिवलीत सगळेच म्हणाले, आणि मीही मान हलवली. पण मला राग आला होता, अजूनही आहे. दोनच दिवसांपूर्वी मी त्यांना माझ्या गाडीच्या तेलाचा थेंब तपासायला देऊन आलो होतो आणि त्याचा निकाल सांगायचा बाकी होता. निकाल न सांगता जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या... आज दीड महिना झाला. मी बारावीपर्यंत शिकलेला टॅक्सीवाला, लिहायची सवय नाही, पण रडगाणं गायला बसलेलो नाही. कुंदाताई जिंकून गेल्या, आणि ते कुणीतरी नीट सांगायला हवं.

त्यांचं माहेर लोधिवलीचं, शेतकऱ्याचं घर. लग्नानंतर खालापुराकडच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागल्या आणि पुरी नोकरी तिथेच केली. काम काय, तर मोठमोठ्या यंत्रांतलं तेल काढून तपासायचं आणि यंत्र अजून किती दिवस चालवावं ते सांगायचं. नवरा लवकर गेला, मुलगी संगीता लग्न होऊन बदलापूरला गेली, आणि निवृत्त झाल्यावर ताई आमच्या शेजारच्या घरात एकट्या राहायला आल्या. निवृत्त बायका देवळात जातात, भजनीमंडळ काढतात. कुंदाताईंनी गाड्यांच्या तेलाचे ठिपके पाडायला सुरुवात केली.

त्यांची रीत साधी होती. गाडी नुकतीच चालून आलेली असताना पट्टी काढायची आणि गरम तेलाचा एक थेंब गोल फिल्टर पेपरच्या मधोमध सोडायचा. कागद रिकाम्या वाटीवर ठेवायचा, म्हणजे खालून कशाला टेकणार नाही. मग खिडकीत एक दिवस तसाच राहू द्यायचा. थेंब पसरतो आणि कडी उमटतात. करडा रंग मधून कडेपर्यंत सारखा पसरला तर तेलात अजून दम आहे. काजळी उचलून फिरवायची ताकद आहे. मधे काळा गोळा बसला आणि बाहेर नुसता पिवळट पाणचट डाग राहिला, तर तेल संपलं. कागदाच्या कडेला त्या पेन्सिलीने गाडीचा नंबर, तेलाचं नाव, किती चाललं, हवा कशी होती हे लिहीत, मग निकाल, आणि सगळ्यात खाली वाचणाऱ्याचं नाव. ते नाव त्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचं. “निकाल कुनीबी सांगंल रं,” त्या म्हणत, “खाली नाव लिवायला छाती लागते.” मला त्या पहिल्या वर्षापासून शिकवत होत्या. ठिपका मला कळायलाही लागला होता. पण नाव लिहायची वेळ आली की मी हसून कागद त्यांच्याकडे सरकवायचो. तुमीच लिवा, ताई. इतक्या वर्षांत मी एकदाही माझं नाव लिहिलं नाही. त्या रागवायच्या, मी चहा मागायचो, आणि विषय तिथेच राहायचा.

आमची ओळख झाली ती माझ्या नव्या व्हॅनमुळे. गोदामातली पहारेकऱ्याची नोकरी सोडून मी नेरळ-दस्तुरी टॅक्सीत पडलो होतो. दुसरा धंदा नव्हता, जमीन भावाकडे. ही गाडी बसली की मी बसलो, असा हिशेब. मला घाट शिकवला दत्तूभाऊंनी. स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, हातात स्टिअरिंग असलं की घाटाने वाट द्यावी असा माणूस. त्यांनी आणि मी एकाच महिन्यात एकाच कंपनीची एकच गाडी घेतली. आणि तेलाच्या बाबतीत दत्तूभाऊंचं शास्त्र ठरलेलं होतं. अंगठा आणि बोट तेलात बुडवायचं, चोळायचं, वास घ्यायचा. जाड लागलं तर चांगलं, पातळ लागलं तर पाणी. डब्यावर वीस-पन्नास असा आकडा असेल तर ते तेल मर्दाचं. पाच-तीस असेल तर ते शहरातल्या पोरींच्या स्कूटरला. आकडा मोठा तेवढं तेल मोठं, अशी आमच्या सगळ्या स्टँडचीच समजूत होती, आणि तीच चूक आमचा स्टँड पिढीजात करत आला होता. शिवाय तेल बदलायचं नसतं, कमी झालं की वरून घालायचं असतं, हेही त्यात आलंच.

मी नव्या गाडीत वीस-पन्नास ओतायला डबा उघडला तेव्हा कुंदाताई कुंपणापलीकडून बघत होत्या. त्या आत आल्या, गाडीचं पुस्तक मागितलं आणि एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. तिथे पाच-तीस लिहिलेलं होतं. मी म्हणालो, ते पुस्तक लिहिणाऱ्याने नेरळचा घाट बघितला नसेल. दुसऱ्या दिवशी आमच्या फ्रीजच्या बर्फाच्या खान्यात दोन कुल्फीचे साचे निघाले, एकात माझं जाड तेल, दुसऱ्यात त्यांनी आणलेलं पातळ सिंथेटिक. त्यांचा फ्रीज लहान म्हणून रेखाला पटवून इथे ठेवले होते. रेखा अजून सांगते की त्या साच्यांत पुन्हा कुल्फी लावली नाही. ताईंनी दोन्ही साचे ताटात एकदम आडवे केले. सिंथेटिक लगेच सरसर ताटभर पसरलं. जाड तेल साच्यातच विचार करत बसलं. ताई म्हणाल्या की पहिला आकडा थंड इंजिनाचा. सकाळी चावी फिरवल्यापासून तेल वर पोचेपर्यंत लोखंड लोखंडावर घासतं, आणि सगळ्यात जास्त झीज तेव्हाच होते. दुसरा आकडा तापल्यावर तेल किती दाट राहील त्याचा, आणि नव्या इंजिनातल्या वाटा बारीक असतात, तिथे जाड तेल वेळेवर शिरतच नाही.

मग घाटात तापल्यावर पातळ तेल टिकेल का, हा माझा प्रश्न होता. त्यावर त्यांनी भाताचं उदाहरण दिलं. निवडलेला अख्खा तांदूळ आणि कणी मिसळलेला तांदूळ एकाच आचेवर ठेव, कणी आधी करपते. साध्या तेलात असे लहानमोठे कण मिसळलेले असतात, सिंथेटिकमध्ये ते एका मापाचे बनवलेले असतात, म्हणून ते आच जास्त सोसतं. मात्र त्या सिंथेटिकच्या भक्त नव्हत्या. माझ्या भावाची जुनी स्कूटर बघून त्यांनीच सांगितलं की हिला साधंच तेल घाल आणि वेळेवर बदल, महागड्या तेलाने म्हातारपण जात नाही. चार डबे शेजारी ठेवून त्या समोरचं मोठं नाव बघतच नसत. डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचायच्या, सील बघायच्या, मग गाडीच्या पुस्तकाशी ताडायच्या. आणि घाटातल्या गाडीने पुस्तकातल्या अंतराच्या निम्म्यावरच तेल बदलायचं, यात कसलीही सूट नाही.

मी सिंथेटिक घातलं. हे लिहायला एक ओळ लागली, तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. स्टँडवर कळलं तेव्हा दत्तूभाऊ आधी हसले, मग त्यांना ते लागलं. ज्याला बोट धरून घाट शिकवला तो एका बाईचं ऐकून गाडीत पाणी घालतो, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. “इंजान बसलं तर मी वढाया येनार नाय, किसन,” ते म्हणाले. मी घरी येऊन ताईंना विचारलं, बसलं तर? त्या म्हणाल्या, “मग माझं नाव हाय ना कागदावर. सगल्यांना दाखव.”

दोन उन्हाळे आम्ही शेजारी शेजारी गाड्या लावल्या. सारखा घाट, सारखी ओझी, मी पातळ आणि दत्तूभाऊ जाड. मी दर महिन्याला ठिपका पाडायचो. पहिल्या ठिपक्याला तेल काळं दिसलं आणि मी कागद घेऊन ताईंकडे धावलो. ताईंनी शांतपणे समजावलं की काळं म्हणजे खराब नाही, काळं म्हणजे तेल काम करतंय, मळ उचलतंय. पसरलंय कसं ते बघ. करडा रंग कडेपर्यंत सारखा गेला होता. दुसऱ्या मे महिन्यात, सुट्टीची गर्दी ऐन भरात असताना, दत्तूभाऊंच्या गाडीने जुम्मापट्टीच्या वरच्या वळणावर खडखड आवाज काढायला सुरुवात केली. तेलाचा लाल दिवा लागला. मागे मी होतो. ते बाजूला थांबले आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी उतरलो, त्यांचे प्रवासी माझ्या गाडीत घेतले, आधीचे चार आणि हे तीन, आणि पहिल्या गिअरात वर चढलो. गाडीने हूं की चूं केलं नाही. वर पोचल्यावर मला आनंद झाला होता, तो लपवत नाही. परत येऊन मी दोर बांधला आणि दत्तूभाऊंना नेरळपर्यंत खाली आणलं.

गॅरेजमध्ये दोन्ही गाड्यांची तेल घालायची टोपणं उघडून बॅटरी मारली. दत्तूभाऊंच्या इंजिनात दूध करपलेल्या पातेल्याच्या बुडासारखा काळा थर होता. माझ्या इंजिनातलं लोखंड दिसत होतं, मधासारख्या रंगाचं. सगळा स्टँड वाकून वाकून बघून गेला. त्या संध्याकाळी कुंदाताईंच्या दारात दत्तूभाऊ उभे होते. हातात बाटलीचं झाकण, झाकणात काळं तेल, आणि ते सांडू नये म्हणून नेरळपासून मांडीवर धरून आणलेलं. ताईंनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि ठिपका पाडला. जिंकल्याचा एक शब्द त्या बोलल्या नाहीत. रेखा मात्र कुंपणाशी उभं राहून पुरेपूर हसून घेत होती.

त्या पावसाळ्यात आमच्याकडे सिंथेटिकची लाटच आली. लोकांनी उत्साहाच्या भरात गाडीचं तेल मोटरसायकलीतही ओतलं आणि आठवड्यात निम्म्या दहिवलीचे क्लच घसरायला लागले. मोटरसायकलीचा क्लच तेलातच बुडालेला असतो, त्याला वेगळं तेल लागतं, हे सांगायला कुणी थांबलंच नव्हतं. ताई डोक्याला हात लावून बसल्या. मग चार दिवस घरोघर फिरून त्यांनी सगळ्यांना तेल काढायला लावलं. लोकांना अक्कल यायला उशीर लागतो आणि आली की एकदम सगळीकडेच येते, असं त्या तेव्हा म्हणाल्या.

पण त्यांचा खरा विजय हा नव्हता. तो श्रावणात झाला, आणि तो मला सगळ्यात जास्त आठवतो. दत्तूभाऊंनी इंजिन दुरुस्त करून नवं सिंथेटिक घातलं होतं, त्यांच्या आयुष्यातलं पहिलं. त्याचा ठिपका ताईंनी वाचला: मधे काळा गोळा, कडा घट्ट. तेल गेलं, काढून टाका, असा निकाल दिला आणि खाली नाव लिहिलं. दत्तूभाऊंनी ते नवंकोरं तेल मुकाट्याने काढून टाकलं. आठ दिवसांनी ताईंना शंका आली. त्यांनी त्याच पुडक्यातल्या एका कागदावर सीलबंद डब्यातलं ताजं तेल सोडलं, तर तेही पसरेना. पुडकं खिडकीपाशी राहिलं होतं आणि पावसाळ्याच्या हवेने कागद दमट झाले होते. तेल चांगलं होतं. वाचणं चुकलं होतं.

रेखाने सांगितलं, ताई, राहू द्या, कुणाला कळणार आहे. मलाही तसंच वाटलं. बाईमाणसाने तेलाविषयी बोलून स्टँडवर पत मिळवली, ती आता आपल्या हाताने कशाला घालवायची. दुसऱ्या दिवशी ताई दहिवलीहून टमटममध्ये बसल्या आणि नेरळच्या स्टँडवर उतरल्या. सकाळची वेळ, सगळ्या गाड्या रांगेत उभ्या. पाऊस नुकता थांबला होता. त्या मधोमध उभ्या राहिल्या, पिशवीतून तो कागद काढला आणि खोडरबराने निकाल खोडला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “दत्तूभाऊ, तुमचं त्याल चांगलं व्हतं. माझा कागद वल्ला व्हता. चूक माझी हाय.” आणि खोडलेल्या जागी तिथेच उभ्याने ‘चांगलं’ असं लिहिलं. खालचं नाव तसंच ठेवलं.

दत्तूभाऊ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मी तीस वर्सं चुकलो ताई, कुनाला सांगितला नाय.” आणि त्यांनी त्यांच्या गाडीची पुढची सीट उचलली, पट्टी काढली आणि नवा ठिपका पाडायला ताईंपुढे धरली. त्या दिवसापासून नेरळ-दस्तुरी स्टँडवर कुंदाताईंचा शब्द चालायला लागला. कुल्फीच्या साच्याने किंवा माझ्या इंजिनाने नाही, त्या खोडलेल्या ओळीने. त्यानंतर कागद आधी भाजलेल्या मिठाच्या डब्यात एक दिवस ठेवायचा आणि मगच थेंब सोडायचा, असा नियम झाला. कोरडा झालेल्या कागदाच्या कोपऱ्यात त्या बारीक अक्षरात ‘कोरडा’ लिहीत. पेन मात्र त्यांनी कधीच वापरलं नाही. मी एकदा विचारलं होतं, पेन्सिलीने का? चुकलं तर खोडायला, एवढंच उत्तर मिळालं.

गेली काही वर्षं आमच्या स्टँडवर घाटात एकही इंजिन बसलेलं नाही. हा त्यांचा सत्कार समजा, कारण दुसरा कुणी केला नाही आणि त्यांनी करूही दिला नसता. त्या गेल्या त्या दिवशी नेरळचा स्टँड दुपारपर्यंत बंद होता, आणि दहिवलीच्या आमच्या गल्लीत इतक्या पिवळ्या पट्ट्यांच्या व्हॅन उभ्या राहिल्या की नात्यातल्या लोकांना गाड्या लांब लावाव्या लागल्या. खांदा द्यायला दत्तूभाऊ पुढे होते. पण नंतर सगळे चहाच्या टपरीवर जमले. ठिपका आता कोण वाचणार, हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर होता. दोघातिघांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा संपवून उठलो. मला जमणार नाही, असंच मी मनाशी म्हणत होतो, आणि ते खरं नव्हतं, हे मलाच ठाऊक होतं. जमत होतं. नाव लिहायला छाती होत नव्हती.

तेरावं झाल्यावर संगीता घर आवरायला थांबली होती. तिने कुंपणावरून हाक मारली. खिडकीत एक कागद आहे, किसनभाऊ, तुमच्या गाडीचा नंबर लिहिलाय, टाकू का? मी आत गेलो. खोली तशीच होती. मिठाचा डबा, खोडरबर, दोऱ्याने बांधलेले जुने कागद वर्षावर्षाचे. खिडकीत वाटी, वाटीवर कागद, कागदावर माझ्या गाडीचा ठिपका. कोपऱ्यात ‘कोरडा’. माझ्या गाडीचा नंबर, तेल, किती चाललं, हवा ‘पाऊस, थांबून थांबून’. निकालाची जागा रिकामी. नावाचीही रिकामी.

मी दत्तूभाऊंना फोन केला. ते गाडी घेऊन आले, चष्मा लावला, कागद उजेडात धरला, जुन्या सवयीने बोटाने ठिपका चोळायला गेले आणि थांबले. मला वाटलं ते सांगतील आणि मी सुटेन. त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. “तिनं तुला शिकवलंय, मला नाय,” ते म्हणाले. संगीता दारात उभी होती. मी खिशातून पेन काढलं, मग परत ठेवलं आणि डब्याशेजारची त्यांची पेन्सिल उचलली. टोक त्यांनीच केलेलं होतं. ठिपका मी नीट, पहिल्यापासून बघितला. करडा रंग कडेपर्यंत सारखा, बाहेरची कड किंचित पिवळी पडायला लागलेली. निकालाच्या जागी लिहिलं, ‘चांगलं. आणखी एक महिना, मग बदल.’ आणि त्याखाली, वाचणाऱ्याचं नाव असतं तिथे, मी पहिल्यांदा ‘किसन’ असं लिहिलं.